विजयदुर्गची खाडी आणि वादळांतील नौकांचा आश्रयहक्क

१

मराठींत 'नांगर' हा शब्द दोन अर्थीं रूढ आहे. वऱ्हाडच्या काळ्या जमिनींत चालणारा नांगर संस्कृत 'लाङ्गल' शब्दाचा वंशज होय. कोकणच्या खाडींत तळाशीं रुतून बसणारा नांगर फारसी 'लंगर' शब्दाच्या कुळांतला. कुळें भिन्न असतां मराठीच्या जिभेवर दोहोंचें एक रूप झालें. आणि विचार केल्यास दोघांचें कार्यही फारसें वेगळें नाहीं. एक भूमींत शिरून पोट राखतो, दुसरा भूमींत शिरून प्राण राखतो. यवतमाळ जिल्ह्यास समुद्र नाहीं. येथील पैनगंगा व वर्धा ह्या नद्याही पश्चिम समुद्राकडे न जातां प्राणहिता व गोदावरी ह्यांच्या मार्गानें पूर्व समुद्रास मिळतात. तथापि इतिहासाच्या अभ्यासकास समुद्राकडे पाठ करून बसतां येत नाहीं, आणि जुनीं दप्तरें चाळणारास तर मुळींच नाहीं. कारण जकात, कौल, दस्तक, गलबत, तांडेल हे शब्द घाटावरच्या कागदांतूनही वारंवार भेटतात.

विजयदुर्गाचा इतिहास आजवर पुष्कळांनीं लिहिला आहे. तो बहुधा किल्ल्याचा इतिहास असतो. तट किती, बुरूज किती, कोणत्या सालीं कोणीं वेढा घातला व कोणीं परतविला, हा त्याचा विषय. जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याची मालिका जागतिक वारसा म्हणून मान्य केली, तींतील बारा दुर्गांत विजयदुर्गाची गणना झाली, हें उचितच झालें. परंतु किल्ला तेथें कां उभा राहिला, ह्या प्रश्नाचें उत्तर तटाच्या दगडांत नाहीं. तें तटाच्या पाठीमागच्या शांत पाण्यांत आहे. त्या पाण्यांत वादळांतून सुटून आलेल्या नौका हजार वर्षांहून अधिक काळ नांगर टाकीत आल्या आहेत. अशा नौकेचा त्या पाण्यावर हक्क कोणता होता, आणि ती तेथें आली म्हणजे बंदराचा धनी तिला पाहुणा समजे कीं सावज, एवढ्याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत कर्तव्य आहे.

२

प्रथम स्थळाचें वर्णन करणें अवश्य आहे. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यांत, वाघोटण खाडीच्या मुखाशीं, दक्षिण बाजूनें एक खडकाळ भूशिर समुद्रांत पुढें आलें आहे. त्यावर विजयदुर्ग वसला आहे. जवळच्या गिर्ये गांवावरून परदेशी लोक त्यास 'घेरिया' म्हणत. खाडीचें पाणी ह्या भूशिराच्या पूर्वेस, म्हणजे समुद्राच्या दृष्टीनें पाठीमागें आहे. पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येणारी लाट खडकावर फुटते आणि आंतील पाणी त्या मानानें निवांत राहतें.

केवळ आडोसा असला म्हणजे बंदर आश्रययोग्य झालें असें मात्र नव्हे. कोकणच्या बहुतेक खाड्यांच्या मुखाशीं वाळूचा उंचवटा सांचलेला असतो. त्यावर ओहोटीस पाणी उथळ होतें, आणि वादळांत तर त्याच ठिकाणीं लाटा फुटून मोठा कल्लोळ होतो. शांत दिवसांत तांडेल बाहेर नांगरून भरतीची वाट पाहूं शकतो. वादळांत त्यास ती सवड नसते. शिडाचें गलबत वाऱ्याच्या तोंडावर फार वेळ टिकाव धरीत नाहीं. वारा समुद्राकडून किनाऱ्याकडे वाहत असल्यास तें हळूहळू खडकाकडेच ओढलें जातें. अशा वेळीं भरती असो वा ओहोटी, शिरतां येईल असें मुख जवळ असणें हाच जीवनमरणाचा प्रश्न होतो. विजयदुर्गच्या मुखाशीं असा वाळूचा उंचवटा नाहीं. १८८० सालीं प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या दहाव्या खंडांत हें बंदर पश्चिम किनाऱ्यावरील उत्तमांपैकीं एक, कोणत्याही हवेंत प्रवेशयोग्य व नैर्ऋत्य मोसमांत मोठ्या जहाजांनाही सुरक्षित असें गणलें आहे, तें ह्याच कारणानें.

येथून दक्षिणेस सुमारें १२ मैलांवर देवगडचें बंदर आहे. त्याचें मुख अरुंद, अवघें सुमारें ६०० यार्ड असून आंतील जलाशय चहूंकडून जमिनीनें वेढलेला आहे. सरासरी खोली १८ फूट व पाणी सर्व ऋतूंत संथ, असें त्याच गॅझेटियरमध्यें नमूद आहे. उत्तरेस शास्त्री नदीच्या मुखाशीं जयगड आहे. जयगड, विजयदुर्ग व देवगड हीं तीन स्थळें म्हणजे दक्षिण कोकणच्या उघड्या किनाऱ्यावरच्या धर्मशाळाच म्हणावयाच्या. त्यांतील मधली ती विजयदुर्गाची. आणि इतिहासाची साधनें तिच्याविषयीं सर्वांत विपुल आहेत.

येथें एका समजुतीचें निरसन करणें इष्ट वाटतें. वादळांतील आश्रय म्हणजे पावसाळ्यांतील आश्रय, असें घाटावरचा वाचक धरून चालतो. वस्तुतः भर पावसाळ्यांत गलबतें पाण्यांत नसतच. ज्येष्ठांत तीं वर ओढून झांपांखालीं ठेवीत, व श्रावणांत नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ अर्पण करून पुनः सोडीत. खरा घात होई तो ऋतूच्या दोन संधींवर. वैशाखाच्या अखेरीस, मोसम फुटण्यापूर्वीं, शेवटची एक खेप साधून घ्यावी ह्या लोभानें बाहेर पडलेलीं गलबतें. आणि दिवाळीच्या आगेंमागें, समुद्र शांत झाला असें समजून निघालेलीं गलबतें, हींच तुफानांत सांपडत. ११ नोव्हेंबर १९२७ रोजीं 'तुकाराम' व 'जयंती' ह्या आगबोटी कोकण किनाऱ्यावर बुडाल्या, त्या ह्या दुसऱ्या संधीवर. अलीकडचीं वादळेंही हाच नियम दाखवितात. 'तौक्ते' हें मे २०२१ मधील, 'निसर्ग' ३ जून २०२० चें आणि 'ओखी' डिसेंबर २०१७ चें. आश्रयाची गरज अशी अनपेक्षित वेळीं उत्पन्न होते, आणि येणाऱ्यास कोणत्या बंदरांत शिरावें ह्याची निवड करण्यास अवसर नसतो. तो मित्राच्या बंदरांत शिरेल किंवा शत्रूच्या. आश्रयहक्काचा प्रश्न उद्भवतो तो येथेंच.

३

वाघोटण खाडींतील नौकानयनाची प्राचीनता सांगणारे दोन ताम्रपट प्रसिद्ध आहेत. दोन्ही खारेपाटण येथें सांपडले. हें गांव खाडीच्या मुखापासून सुमारें २५ मैल आंत आहे. पहिला पट दक्षिण कोकणच्या शिलाहार शाखेंतील रट्टराजाचा, शके ९३० म्हणजे इ. स. १००८ चा होय. त्याचें प्रथम वाचन बाळशास्त्री जांभेकर ह्यांनीं गेल्या शतकाच्याही मागील शतकांत प्रसिद्ध केलें. त्यांत वंशावळ आहे, तींत एका पूर्वजानें वलिपत्तनाचा किल्ला बांधल्याचा उल्लेख आहे, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाची अशी दानाची बाब आहे. द्वीपांतरांतून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागें सोन्याचा एक गद्याण, आणि चेमुल्य व चंद्रपूर हीं ठिकाणें वगळून कंदलमूलीय येथून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागें सोन्याचें एक धरण, असें उत्पन्न देवकार्यासाठीं लावून दिलें आहे. चेमुल्य म्हणजे चौल व चंद्रपूर म्हणजे गोव्यांतील चांदोर, हें विद्वानांस मान्य आहे.

दुसरा पट उत्तर कोकणच्या शिलाहार अनंतदेवाचा, शके १०१६ चा. भाभण श्रेष्ठी व त्याचा बंधु धनाम श्रेष्ठी ह्या वलिपत्तनाच्या दोघां अमात्यांच्या मालावर ठाणें, नागपूर, शूर्पारक व चेमुली ह्या बंदरांत जकात घेऊं नये, अशी सूट त्यांत दिली आहे. येथील नागपूर हें अर्थात् आमच्या विदर्भांतील नव्हे, तें कोकणांतील बंदर होय.

ह्या दोन पटांवरून एवढें निश्चित होतें कीं अकराव्या शतकांत ह्या किनाऱ्यावर दूरदेशच्या व जवळच्या जहाजांचा भेद करून कर घेण्याइतका व्यापार चालू होता. राजा नौकेकडे कर देणारी वस्तु म्हणून पाहतो, आणि मर्जीतल्या व्यापाऱ्यास सूटही देतो. परंतु जी नौका व्यापारास आलीच नाहीं, केवळ वाऱ्यानें आणून टाकली, तिचें काय? तिच्याकडून गद्याण घ्यावा कीं तिला गद्याण द्यावा? ह्याचें उत्तर शास्त्रांत व अन्य लेखांत शोधावें लागतें.

४

कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत नावध्यक्षाचीं कर्तव्यें सांगितलीं आहेत. दिशा चुकलेली किंवा वाऱ्यानें झोडपलेली नौका आल्यास अध्यक्षानें तिच्यावर पित्यासारखा अनुग्रह करावा, पाण्यानें भिजलेल्या मालावर जकात घेऊं नये किंवा अर्धी घ्यावी, असा त्याचा आदेश आहे. त्याच प्रकरणांत हिंस्र नौका, शत्रूच्या प्रदेशाकडे जाणाऱ्या नौका व बंदराचे नियम मोडणाऱ्या नौका ह्यांचा नाश करावा असेंही सांगितलें आहे. कौटिल्यासारख्या कठोर अर्थवाद्यानें ज्या ठिकाणीं पित्याची उपमा योजली, तें ठिकाण सामान्य नव्हे. वादळांतून आलेली नौका ही कर देणारी प्रजा नव्हे, दूतही नव्हे, शत्रूही नव्हे. तात्पुरतें तें राजाचें अपत्यच, असा हा भाव आहे.

शास्त्र एक व आचार दुसरा, ह्याचें उदाहरण मात्र ज्या समुद्रास आमच्या वर्धा-पैनगंगेचें पाणी मिळतें त्याच्या किनाऱ्यावर सांपडतें. आंध्र देशांत मोटुपल्ली येथें काकतीय गणपतिदेवाचा शके ११६६ चा स्तंभलेख आहे. त्यांत राजा स्पष्ट सांगतो कीं एका देशाहून दुसऱ्या देशास जाणारीं जहाजें वादळानें फुटून किनाऱ्यास लागलीं असतां पूर्वींचे राजे त्यांतील सोनें, हत्ती, घोडे, रत्नें इत्यादि सर्व माल बळानें हरण करीत. आपण मात्र दया, कीर्ति व धर्म ह्यांस्तव ठराविक शुल्काखेरीज कांहीं घेणार नाहीं, असें अभय तो देतो. धन हें प्राणाहूनही थोर मानून जे समुद्र ओलांडण्याचें साहस करतात त्यांच्याविषयीं ही करुणा, असें त्याचें म्हणणें आहे. ह्या लेखाचें महत्त्व त्यांतील औदार्याइतकेंच त्यांतील कबुलींत आहे. अभय द्यावें लागलें, म्हणजेच भय रूढ होतें.

परदेशी प्रवाशांची साक्षही हीच आहे. मार्को पोलोनें मलबारांतील एली येथील चाल सांगितली आहे. जें जहाज तेथें येण्यास निघालेलें नसतां येऊन पडे, त्यास तेथील लोक, देवानेंच तुला आमच्याकडे धाडलें, असें म्हणून लुटीत. जें मुद्दाम तेथें येई त्याचा मात्र ते सन्मान करीत. इब्न बतूतानें लिहिलें आहे कीं मलबारांत फुटलेल्या जहाजाचा माल सरकारजमा होई, कालिकत मात्र त्यास अपवाद होतें. १४४२ सालीं कालिकतास आलेल्या अब्दुर रज्जाकानेंही त्या बंदराची ह्याच कारणासाठीं प्रशंसा केली आहे. अन्य बंदरांत वाऱ्यानें भरकटलेलें जहाज लुटतात, येथें तें कोठूनही येवो, इतरांसारखेंच वागविलें जातें, असें तो म्हणतो. कालिकतच्या उत्कर्षाचीं अनेक कारणें असतील. त्यांत हें एक होतें ह्यांत शंका नाहीं. ज्या बंदरांत संकटकाळीं लूट होत नाहीं, तेथें व्यापारी सुकाळींही येतो.

५

आतां आपल्या किनाऱ्याकडे वळूं. १६७४ च्या जून महिन्यांत, शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या समयीं, मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर होता. तहाच्या कलमांची वाटाघाट चालली असतां इंग्रजांचें एक मागणें असें होतें कीं, त्यांचीं जहाजें महाराजांच्या किनाऱ्यावर फुटल्यास तीं व त्यांतील माल परत मिळावा. ऑक्झिंडेनच्या लेखावरून दिसतें कीं महाराजांनीं इतर मागण्या संतोषानें मान्य केल्या, परंतु हें कलम नाकारलें. कारण दोन दिलीं. तुफानानें किनाऱ्यास लागलेला माल परत करणें कोकणच्या जुन्या रिवाजाविरुद्ध आहे; आणि ही सवलत इंग्रजांस दिली तर फ्रेंच, वलंदेज इत्यादि सर्वच व्यापारी ती मागतील.

शिवाजी महाराजांसारख्या न्यायी राजानें गणपतिदेवाचा मार्ग कां सोडला, असा प्रश्न वाचकाच्या मनांत उभा राहील. कांहीं इंग्रज लेखकांनीं ह्यावरून कोकणच्या 'रानटी' चालीचा निष्कर्ष काढला. आपल्यांतील कांहीं लेखकांनीं ही बाब मौनानें टाळली. दोन्ही मार्ग प्रस्तुत लेखकास पसंत नाहींत. विचार करतां असें दिसतें कीं वादळांतील नौकेच्या तीन अवस्था असतात, आणि त्या एकत्र केल्यामुळेंच हा घोटाळा होतो. पहिली 'आश्रित' नौका. ती अभंग असून केवळ वारा पडेपर्यंत बंदरांत राहूं इच्छिते. दुसरी 'भग्न' नौका. तिचा माल किनाऱ्यावर वाहून येतो, व तो कोणाचा हा विवाद होतो. तिसरी 'वैरी' नौका. वादळाच्या निमित्तानें वा त्याविना ती शत्रूचीच असते. कौटिल्याच्या प्रकरणांतही हे तिन्ही धागे स्वतंत्र आहेत. अनुग्रह झोडपलेल्या नौकेवर, जकातींत सूट भिजलेल्या मालास, आणि नाश हिंस्रिकेचा.

१६७४ चा नकार दुसऱ्या अवस्थेपुरता आहे. भग्न मालावर राजाचा हक्क सांगणारा रिवाज युरोपांतील किनाऱ्यांवरही त्या काळीं अज्ञात नव्हता. महाराजांनीं दिलेलें दुसरें कारण राजनीतीचें आहे, व तें सुज्ञपणाचें आहे. एका टोपीकरास दिलेली सवलत हळूहळू सर्व टोपीकरांचा अधिकार बनते, हें त्यांनीं ओळखलें होतें. परंतु अभंग नौकेस खाडींत नांगर टाकूं द्यावा कीं नाहीं, ह्या प्रश्नाचें उत्तर त्या नकारांत नाहीं, व तें त्यांत वाचूंही नये.

६

मराठी राज्यनीतीचा जो ग्रंथ ह्या विषयावर सर्वांत स्पष्ट बोलतो तो रामचंद्रपंत अमात्यांचा 'आज्ञापत्र'. शके १६३७ च्या सुमाराचा हा ग्रंथ आरमारास राज्याचें स्वतंत्र अंग मानतो. संस्कृत नीतिशास्त्रांत राज्याचीं अंगें सात. त्यांत आरमार नाहीं. शास्त्राच्या सप्तांगांत न बसणारी गोष्ट अमात्यांनीं अनुभवाच्या बळावर अंगाच्या पदवीस चढविली, हें त्यांच्या प्रज्ञेचें द्योतक आहे.

ह्या ग्रंथांत आरमाराच्या पावसाळी छावणीचा नियम दिला आहे. समुद्र खवळण्यापूर्वीं आठ-पंधरा दिवस अगोदरच आरमार सुरक्षित बंदरीं आणावें. छावणी दरवर्षीं एकाच बंदरीं न करतां स्थळ बदलीत जावें, कारण आरमारी लोकांपासून त्या मुलखाच्या रयतेस उपद्रव पोंचतो, असा त्याचा आशय आहे. ह्यांतील पहिला भाग नौकाशास्त्राचा आहे. 'आठ-पंधरा दिवस अगोदर' ह्या शब्दांत वर सांगितलेल्या ऋतुसंधीचा सर्व अनुभव सांठविला आहे. दुसरा भाग त्याहून मोलाचा आहे. आश्रय देणारा जो गांव, त्यासही कांहीं सोसावें लागतें, ही जाणीव अन्य कोणत्याही साधनांत इतक्या स्पष्टपणें व्यक्त झालेली नाहीं. शेंकडों खलाशी चार महिने एका लहान खेड्यांत राहिले म्हणजे तेथील धान्य, लांकूडफाटा, माड व घरें ह्यांवर काय प्रसंग येत असेल तो सांगावयास नको. जहाजांच्या लांकडासाठीं रयतेचीं आंब्या-फणसाचीं झाडें जबरीनें तोडूं नयेत, हा ह्याच ग्रंथांतील प्रसिद्ध आदेश ह्याच दृष्टीनें वाचावयास हवा. नौकेचा आश्रयहक्क हें नाण्याचें एक अंग. आश्रयदात्या गांवाचा हक्क हें दुसरें.

७

आंग्र्यांच्या काळीं विजयदुर्गची खाडी कीर्तीच्या शिखरास पोंचली. १७१३ च्या तहानें कान्होजी आंग्र्यांकडे जे किल्ले राहिले त्यांत हा होता. मुंबईकर इंग्रजांनीं त्याजवर चढाई केली ती फसली. १७२० सालीं 'फ्राम' नांवाची तरती तोफांची माची घेऊन ते पुनः आले, तेंही व्यर्थ गेलें. १७२४ सालीं वलंदेजांनीं सात जहाजांनिशीं हल्ला केला, तोही परतविला गेला. ह्या यशांत तटांइतकाच खाडीचा वांटा होता. हल्ला करणाऱ्याचीं जहाजें उघड्या समुद्रांत, वाऱ्याच्या व रसदीच्या स्वाधीन. आंग्र्यांच्या गुराबा व गलबतें आंत निवांत. ज्याच्या मागें आश्रय असतो तो वाट पाहूं शकतो, आणि समुद्रावरच्या युद्धांत वाट पाहण्याची शक्ति ही तोफेइतकीच मोठी आहे.

पण ह्याच काळांत आश्रयहक्काचा संकोचही झाला. आंग्रे आपल्या दस्तकावांचून फिरणाऱ्या जहाजांस धरीत. पोर्तुगीज तेंच आपल्या 'कार्ताझ' परवान्यानें पूर्वींपासून करीत आले होते. इंग्रजही आपले परवाने देत. किनाऱ्यावर इतक्या धन्यांचे परवाने झाल्यावर तुफानांत सांपडलेल्या तांडेलास प्रथम आकाशाकडे पाहावें कीं आपल्या पेटींतील कागदाकडे, हा प्रश्न पडला असल्यास नवल नाहीं. कौटिल्याची 'आश्रित' नौका व 'वैरी' नौका ह्यांमधील रेषा आतां वाऱ्यानें नव्हे, शाईनें आंखली जाऊं लागली.

१७५६ सालीं जें घडलें तें सर्वश्रुत आहे. तथापि ह्या दृष्टीनें त्याचा विचार झालेला नाहीं. तुळाजी आंग्रे व बाळाजी बाजीराव पेशवे ह्यांच्या वैमनस्यांतून पेशव्यांनीं इंग्रजांशीं संधान बांधलें. १७५५ च्या एप्रिलांत सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्यें ॲडमिरल वॉटसन आरमार घेऊन, व त्याच्याबरोबर क्लाइव्ह पायदळ घेऊन, विजयदुर्गावर आला. जमिनीच्या बाजूनें रामाजी महादेव ह्यांचें पेशवाई सैन्य होतें. तुळाजी बोलणें लावण्यास मराठी छावणींत गेला, तो तेथेंच अडकला. त्याचें आरमार खाडींत, किल्ल्याच्या कुशीस, एकमेकांस लागून नांगरलेलें होतें. १२ फेब्रुवारीस इंग्रजी आरमार मुखांतून आंत शिरलें आणि तोफा सुरू झाल्या. एक गोळा पूर्वीं इंग्रजांपासूनच घेतलेल्या 'रेस्टोरेशन' ह्या जहाजावर पडून तें पेटलें. त्यापासून शेजारचें, आणि त्यापासून पुढचें, असें करीत सारें आरमार सायंकाळपर्यंत भस्म झालें. दुसऱ्या दिवशीं किल्ला पडला. सुमारें दहा लाखांची लूट इंग्रजांनीं आपसांत वांटून घेतली; मराठ्यांस तींतून कांहीं मिळालें नाहीं.

जें मुख कोणत्याही हवेंत आंत येऊं देतें, तें शत्रूसही आंत येऊं देतें. जेथें वारा शिरत नाहीं तेथून वाऱ्याच्या जोरावर निसटतांही येत नाहीं. आणि जेथें दाटीनें नांगरलेल्या नौका एकमेकींस लाटेपासून राखतात, तेथेंच त्या एकमेकींस आग देतात. विजयदुर्गच्या खाडीचा जो गुण, तोच त्या दिवशीं दोष ठरला. पेशव्यांनीं मराठी आरमार बुडविलें, असा आरोप ह्या प्रसंगावरून नेहमीं होतो व त्यांत तथ्य आहे. स्वकीयांतील कलह मिटविण्यास परकीयास आपल्या आश्रयाच्या खाडींत बोलावणें हा अविचारच होय. परंतु केवळ दोषारोपानें बोध पुरा होत नाहीं. आश्रय हा वादळापुरता असतो. त्यास कायमचें संरक्षण समजून सारें बळ एका ठिकाणीं कोंडणें, ही आज्ञापत्रकारांनीं छावणीचें स्थळ बदलावयास सांगितलें त्या दूरदृष्टीच्या उलट गोष्ट झाली.

८

इंग्रजांनीं किल्ला कांहीं महिने आपल्याच हातीं ठेवला, व ऑक्टोबर १७५६ च्या तहानें बाणकोट घेऊन तो पेशव्यांस दिला. पुढें विजयदुर्ग हें पेशव्यांच्या सुभा आरमाराचें मुख्य ठिकाण झालें, व आनंदराव धुळप ह्यांनीं तेथून दीर्घकाळ कारभार केला. ८ एप्रिल १७८३ रोजीं धुळपांच्या आरमारानें 'रेंजर' हें इंग्रजी जहाज निकराच्या लढाईनंतर धरलें. ह्या वेळीं सालबाईचा तह झालेला होता, त्यामुळें तें पुढें सोडून द्यावें लागलें.

ह्या काळाची खरी स्मृति लढायांत नसून गोदींत आहे. किल्ल्यापासून सुमारें तीन किलोमीटर आंत, वाघोटण खाडीच्या कांठीं, खडक कोरून केलेली गोदी आजही दिसते. तिची लांबी सुमारें १०९ मीटर व रुंदी ७० मीटर असून तोंड उत्तरेस आहे. पुष्कळसा भाग गाळानें भरून गेला आहे. ४०० ते ५०० टनांचीं जहाजें येथें बांधलीं व दुरुस्त केलीं जात. आश्रयस्थानाचें पूर्ण रूप हेंच होय. वाऱ्यापासून आडोसा एवढेंच नौकेस पुरत नाहीं. फाटलेलें शीड शिवणारा, मोडलेली डोलकाठी बदलणारा, फळ्यांच्या सांध्यांत कापूस व तेल भरणारा सुतार जवळ असावा लागतो. प्यावयास गोडें पाणी लागतें. आणि वाघोटणसारख्या लांब खाडीमुळें खारेपाटणपर्यंतच्या मुलखांतून धान्य व लांकूड येण्याची सोय लागते. शिलाहारांच्या वेळीं जी खाडी जकातीची वाट होती, तीच मराठ्यांच्या वेळीं दुरुस्तीची व रसदीची वाट झाली.

१८१८ सालीं किल्ला इंग्रजांच्या ताब्यांत गेला आणि लष्करी महत्त्व संपलें. त्यानंतर मुंबई-गोवे आगबोटींचा थांबा म्हणून विजयदुर्ग व देवगड हीं नांवें लोकांच्या तोंडीं राहिलीं. तीही वाहतूक बंद पडून कित्येक वर्षें झालीं. तटांवर झाडें उगवलीं, गोदींत गाळ सांचला. समुद्र मात्र आपल्या रीतीनें चालतो, आणि त्याबरोबर आश्रयाची गरजही.

डिसेंबर २०१७ मध्यें 'ओखी' वादळांत केरळ व तामिळनाडूच्या मच्छीमार नौका खोल समुद्रांत सांपडल्या. त्यांपैकीं ६८ नौका, ६६ केरळच्या व २ तामिळनाडूच्या, ९५२ माणसांसह देवगड बंदरीं सुखरूप लागल्याचें राज्य सरकारनें जाहीर केलें. ह्यांतील बहुतेकांस मराठी येत नव्हतें, देवगडकरांस मल्याळम् येत नव्हतें. एली येथील लोकांनीं मार्को पोलोच्या काळीं जें म्हटलें त्याच्या बरोबर उलट अर्थानें, देवानेंच तुम्हांस धाडलें, असें ह्या वेळीं म्हणतां आलें असतें. कौटिल्याचा अनुग्रह बावीस-तेवीस शतकें केवळ पोथींत राहिला नाहीं, ह्याची ही साक्ष होय.

त्याबरोबरच मे २०२१ चा प्रसंगही विसरूं नये. 'तौक्ते' वादळांत देवगडच्या बंदराच्या आंत नांगरलेल्या नौकाही नांगर तुटून वाहून गेल्या व खलाशांचे प्राण गेले. चहूंकडून जमिनीनें वेढलेलें, सर्व ऋतूंत संथ, अशी ज्याची १८८० सालीं ख्याति लिहिली गेली, तेंही पाणी एका रात्रीं खवळलें. १७५६ मध्यें अग्नीनें जो धडा दिला तोच १८८० च्या भरंवशास वाऱ्यानें दिला. निसर्गानें दिलेला आश्रय मनुष्याच्या दक्षतेचें काम करीत नाहीं.

९

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यांत असा. वाघोटणची खाडी ही किल्ल्याची सेवक नसून किल्लाच तिचा रक्षक म्हणून उभा राहिला. ह्या किनाऱ्यावर आश्रित, भग्न व वैरी अशा तीन प्रकारच्या नौकांस तीन वेगळे न्याय लागू होते, आणि त्यांची सरमिसळ केल्यास १६७४ च्या प्रसंगासारखे प्रसंग उलगडत नाहींत. परवान्यांच्या युगांत आश्रित नौकेचा न्याय संकुचित झाला. परवान्यांचें युग गेल्यावर तो पुनः आपल्या मूळ रूपांत दिसूं लागला. आणि आश्रय देणाऱ्या गांवाचें हित हा ह्या न्यायाचा अविभाज्य भाग आहे, हें आज्ञापत्रकारांनीं तीनशें वर्षांपूर्वीं जाणलें होतें.

ह्या विषयाचीं साधनें केवळ कोकणांतच आहेत असें मानण्याचें कारण नाहीं. पारसनीसांनीं मराठ्यांच्या आरमाराविषयींचे कागद प्रसिद्ध केले ते घाटावर बसूनच. सावकारांच्या वह्या, हुंड्यांचे जाब, जकातीचे ताळेबंद, देवस्थानांच्या नेमणुकींच्या यादी ह्यांतून 'तुफानाचें सबब माफ', 'वाऱ्यानें लागलें' अशा तऱ्हेची एखादी ओळ कोणाच्या नजरेस आल्यास ती क्षुल्लक समजून टाकूं नये. तिच्यावर तारीख, बंदर व धन्याचें नांव असल्यास ती नकलून घ्यावी आणि मूळ कागद जपावा. लढाईची हकीकत लिहिणारा बखरकार नेहमींच मिळतो. वारा पडेपर्यंत खाडींत मुकाट्यानें बसून राहिलेल्या तांडेलाची नोंद फक्त जकातीच्या कारकुनानें केलेली असते, आणि ती एका ओळीची असते. ती ओळ वाचवावयाची तर तें काम पोथ्यांचा व दप्तरांचा संग्रह करणाऱ्यांनींच केलें पाहिजे.